छर्रा, केसिंग पट्टी आणि ऊर्जेचा जमाखर्च : नववीच्या वर्गासाठी केलेल्या प्रयोगांच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४

नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या पाठात ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मुक्तपतनावर सिद्ध केला आहे. वरच्या बिंदूला सगळी स्थितिज, मधे दोन्ही, जमिनीला टेकताना सगळी गतिज. गणित सुटतं, तिन्ही ठिकाणी बेरीज एमजीएच (वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची) येते. अडचण प्रयोगाला बसल्यावर सुरू होते. उतारावरून गोटी सोडून वेग मोजला आणि अर्धा एम व्ही वर्ग काढला, की बेरीज कमीच भरते. मग वहीत ठरलेलं वाक्य येतं : ‘घर्षणामुळे काही ऊर्जा नष्ट झाली.’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. ऊर्जा नष्ट झालेली नाही, आणि गोटीच्या बाबतीत बरीचशी घर्षणात गेलेलीही नाही.

म्हणून पाच आठवडे एकच नियम पाळायचा : प्रत्येक मिलीज्यूल कुठल्या तरी खात्यावर लिहायचा. घर्षणाचं खातं सगळ्यांत शेवटी उघडायचं आणि जमेल तिथे त्यातली रक्कमही मोजायची.

आठ गट आहेत. प्रत्येक गटाला १६ मिमी व्यासाचे बेअरिंगचे तीन छर्रे, त्याच मापाच्या काचेच्या दोन गोट्या, वायरिंगवाले वापरतात ती अर्धा इंची पीव्हीसी केसिंग पट्टी (वरून उघडी पन्हळ), एक इंची केसिंगचा तुकडा, १२ मिमी प्लाय, ओळंबा, कार्बन पेपर, पांढरे कागद आणि मोजपट्टी. पाणसळ आणि व्हर्निअर कॅलिपर सगळ्यांत मिळून दोन. केसिंग घेताना वरची कॅपिंग पट्टी लागत नाही, पण बहुतेक दुकानांत जोडीच मिळते.

छर्र्याचं वजन किराणा काट्यावर करू नये, एक ग्रॅमची चूक इथे सहा टक्क्यांची होते. दहा छर्रे एकत्र तोलून दहाने भागलं : १६.७ ग्रॅम. पोलादाची घनता धरून आकारमानावरूनही तेवढंच येतं.

४ डिसेंबर

उताराची जुळणी. प्लायच्या उभ्या पाटीवर रेषा आखली : वरून २२ अंशांचा सरळ उतार, खाली ३० सेंमी त्रिज्येचं वळण, शेवटी १० सेंमी आडवा भाग. सुताराने रेषेवरून पाटी कापून दिली आणि केसिंग पट्टी प्लायच्या कडेवरच बसवली. अर्धा इंची पट्टीची रुंदी आणि १२ मिमी प्लायची जाडी जवळजवळ सारखीच, त्यामुळे वेगळा आधार लागत नाही. पट्टीच्या तळातून छोटे स्क्रू मारले. छर्रा पट्टीच्या तळाला टेकतच नाही, तो दोन काठांवर बसतो, म्हणून स्क्रूची डोकी आड येत नाहीत. (तो काठांवर बसतो ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.)

पट्टी थंड असताना वाकवली की काठ चुरगळतात. पट्टीत कोरडी वाळू भरून दोन्ही टोकं चिकटपट्टीने बंद केली, वळणाच्या जागी उकळतं पाणी ओतलं आणि लगेच प्लायच्या कडेवर दाबून धरली. मिनिटभरात आकार बसतो. ओतताना हातमोजे हवेत, हे काम मुलांकडे दिलं नाही. वाकवल्यावर काठांमधलं अंतर बदलतं. एका पट्टीत ते वळणावर १० मिमीचं ८.५ मिमी झालं होतं. ती आतून लाकडी पाचर घालून पुन्हा गरम करून सरळ केली. शेवटच्या आडव्या भागात तरी अंतर काटेकोर १० मिमी हवंच. काठांवरचे कॅपिंग अडकवायचे उंचवटे १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घेतले.

उतार ३५ अंशांच्या पुढे नेऊ नये. जास्त उभ्या उतारावर छर्रा घरंगळण्याबरोबर घसरायलाही लागतो आणि मग कुठलाच हिशेब साधा राहत नाही.

७ डिसेंबर

पहिलं मोजमाप. पट्टीचं तोंड टेबलाच्या कडेला, तिथून छर्रा उडून जमिनीवरच्या कार्बन पेपरवर पडतो आणि खालच्या कागदावर काळा ठिपका उमटतो. तोंडाशी छर्र्याच्या तळापासून जमिनीपर्यंत ७५ सेंमी. एवढं पडायला ०.३९१ सेकंद लागतात, छर्रा कितीही वेगाने बाहेर पडला तरी. म्हणजे पल्ला (तोंडापासून ठिपक्यापर्यंतचं आडवं अंतर) भागिले ०.३९१ म्हणजे थेट वेग. स्टॉपवॉच नको, मोबाइल नको. स्टॉपवॉचवर बोटाची चूकच ०.२ सेकंदांची असते, तिथे ही पद्धत फारच उजवी.

काय काय चुकलं ते मांडून ठेवलं पाहिजे, कारण पुढच्या तुकडीत हेच होणार.

पल्ला टेबलाच्या पायापासून मोजला गेला. टेबलाची फळी पायाच्या ४ सेंमी पुढे होती. तोंडापासून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करायची आणि तिथूनच मोजायचं.

छर्रा बोटाने सोडताना नकळत धक्का बसतो. फूटपट्टी आडवी धरून तिच्यामागे छर्रा ठेवायचा आणि पट्टी उताराच्या दिशेने पुढे उचलायची. ठिपक्यांची पसरण ३ सेंमीवरून ८ मिमीवर आली.

तोंड वर झुकलेलं होतं. एका अंशाने पल्ला सुमारे ४ मिमी वाढतो, तीन अंश असेल तर १२ मिमी. पाणसळ ठेवायला पट्टी अरुंद पडते. सोपी कसोटी : आडव्या भागावर छर्रा ठेवून सोडायचा, तो कुठेच गेला नाही की तोंड सरळ.

उंची टेबलापासून मोजली गेली. उंची म्हणजे सोडतानाचा छर्रा आणि तोंडाशी असलेला छर्रा यांच्यातला फरक, तळापासून तळापर्यंत.

दुरुस्तीनंतर एका गटाचे आकडे, प्रत्येकी पाच फेऱ्यांची सरासरी : उंची ५ सेंमी, पल्ला २९.१; उंची १०, पल्ला ४१.३, उंची १५, पल्ला ५०.८, उंची २०, पल्ला ५८.७ सेंमी. उंची दुप्पट केली तर पल्ला दुप्पट होत नाही, चौपट केली तेव्हा दुप्पट होतो. पल्ल्याचा वर्ग आणि उंची यांचा आलेख काढला की सरळ रेघ येते. हा आलेख फळ्यावर नव्हे, प्रत्येकाने आपल्या वहीतच काढायला हवा. वेगाचा वर्ग सूत्रात का आहे, याचं उत्तर त्या रेघेत डोळ्यांना दिसतं.

आता हिशेब. २० सेंमी उंचीला जमा ३२.७ मिलीज्यूल. तोंडाशी वेग १.५० मी/से, गतिज ऊर्जा १८.८ मिलीज्यूल. १३.९ मिलीज्यूलचा पत्ता नाही, म्हणजे साडेबेचाळीस टक्के. आठही गटांनी लिहिलं, ‘घर्षण.’ ते खोडलं नाही, शेजारी प्रश्नचिन्ह काढून तसंच ठेवलं.

१० डिसेंबर

प्रश्नचिन्हाला उत्तर देण्याआधी बाटल्यांची शर्यत. एक लिटरच्या, बाहेरून गुळगुळीत अशा दोन सारख्या बाटल्या. एकीत काठोकाठ पाणी, दुसरीत ओली वाळू ठासून. १.२ मीटरची फळी, एका टोकाखाली १० सेंमी उंची. दोन्ही आडव्या ठेवून एकदम सोडल्या.

सोडण्याआधी अंदाज लिहून घेतला. बहुतेकांचा कौल वाळूच्या बाटलीला, कारण ती जड. पाण्याची बाटली जिंकते, आणि थोडक्यात नाही : फळी संपते तेव्हा वाळूची बाटली हातभर मागे असते. पाण्याच्या बाटलीत प्लास्टिकचं कवच फिरतं, आतलं पाणी मात्र जवळपास न फिरता नुसतं पुढे सरकतं. ठासलेली वाळू बाटलीबरोबर अख्खी गरगरते. त्या गरगरण्यालाही ऊर्जा लागते, आणि ती त्याच दहा सेंमी उंचीतून वजा होते. पुढे जायला उरते ती कमी.

वाळू सैल राहिली तर बाटली अडखळते आणि निष्कर्ष बिघडतो. पाण्यात थोडी हवा राहिली तर चालतं. नक्षीदार, कड्यांच्या बाटल्या नकोत, त्या वाकड्या जातात.

आता परत छर्र्याकडे. तो घसरत नाही, घरंगळतो. म्हणजे ‘फिरण्याची गतिज ऊर्जा’ हे एक खातं आपण उघडलंच नव्हतं. भरीव गोळा सपाट जागेवर घरंगळतो तेव्हा पुढे जाण्याच्या ऊर्जेच्या ०.४ पट ऊर्जा फिरण्यात असते. ०.४ कुठून आला ते अकरावी-बारावीत येईल, नववीत तो तयार आकडा म्हणूनच द्यावा आणि तसं सांगून द्यावा. १८.८ च्या ०.४ पट ७.५. तरीही ६.४ मिलीज्यूल शिल्लक, म्हणजे जवळजवळ वीस टक्के. गुळगुळीत पट्टी आणि पोलादी छर्रा यांच्यासाठी हा आकडा फार मोठा वाटतो. एवढ्यावर थांबून बाकी घर्षणाच्या नावावर टाकायचा मोह इथेच होतो.

१३ डिसेंबर

तो मोह टाळला ते बरं झालं. छर्रा काठांवर बसतो हे ४ तारखेच्या नोंदीत आहे. १६ मिमीचा छर्रा, काठांमधलं अंतर १० मिमी. छर्र्याची त्रिज्या ८, मध्यापासून काठापर्यंत आडवं अंतर ५. पायथागोरस : ६४ वजा २५ म्हणजे ३९, वर्गमूळ ६.२४. छर्रा घरंगळतो ते ८ मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर नाही, ६.२४ मिमीच्या वर्तुळावर. तेवढंच अंतर कापायला त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात.

हे सांगून पटत नाही, मोजून पटतं. छर्र्यावर मार्करने ठिपका दिला. एक इंची केसिंग आतून सुमारे २२ मिमी रुंद, तिच्या सपाट तळावर छर्रा बोटाने हळूहळू ५० सेंमी लोटला : दहा फेरे. मग अर्धा इंची पट्टीच्या काठांवर तेवढाच लोटला : बारा पूर्ण आणि तेराव्याचा पाऊण. सपाटावर एका फेऱ्यात ५ सेंमी, काठांवर ३.९. ठिपका बाजूला सरकला तर मोजणी फसते, म्हणून छर्र्याच्या पूर्ण मध्यरेषेवर गोल रेघच काढावी आणि ती एका ठिकाणी तोडावी.

फिरण्याचा वाटा त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो : ०.४ गुणिले ६४ भागिले ३९, म्हणजे ०.६५६. आता जमाखर्च असा : पुढे जाण्यात १८.८, फिरण्यात १२.३, एकूण ३१.१. जमा ३२.७. बाकी १.६ मिलीज्यूल, पाच टक्क्यांच्या आत. ही बाकी खरी घर्षणाची, आणि ती आता पटण्याजोगी आहे. साडेबेचाळीसावरून पाचावर. ७ तारखेच्या वह्यांतलं ‘घर्षण’ आज मुलांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त केलं.

ताळा म्हणून एक इंची केसिंगचा दुसरा उतार, तेवढ्याच उंचीचा. पल्ला ६२.५ सेंमी, वेग १.६० मी/से. पुढे जाण्यात २१.३, फिरण्यात ८.५, बाकी २.९ मिलीज्यूल, सुमारे नऊ टक्के. इथे बाकी वाढली, कारण रुंद पट्टीत छर्रा दोन्ही भिंतींवर आपटत नागमोडी जातो. कान जवळ नेला तर टकटक ऐकू येते. म्हणजे ज्या उतारावर छर्रा जास्त वेगाने बाहेर पडला, त्याच उतारावर जास्त ऊर्जा वाया गेली. हे वाक्य मुलांना दोनदा वाचायला लावलं. नुसत्या वेगावरून नासाडी ठरवता येत नाही, आधी सगळी खाती लिहावी लागतात.

१७ डिसेंबर

फिरण्याचं खातंच नसलेली वस्तू : लंबक. २५ मिमीचा छर्रा, सुमारे ६४ ग्रॅम, त्याला अरल्डाइटने छोटा हुक. सुती दोरा ताणतो आणि पीळ सोडताना गोळा फिरतो, म्हणून तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) वापरली. पुढे येणाऱ्या खिळ्याच्या प्रयोगाला एकाच दोऱ्याचा लंबक लागतो, तेव्हा सोडताना तो वाकडा जाणार नाही याची काळजी घ्यावी : गोळा दोऱ्याने बांधून धरायचा आणि दोरा काडीने जाळायचा. हाताने सोडला तर दर तिसऱ्या फेरीला तो लंबवर्तुळ काढतो.

लांबी ८० सेंमी, सोडायची उंची १० सेंमी. मागे आलेखाचा कागद चिकटवलेली पाटी. पलीकडे गोळा ९.७ सेंमी चढला. मग टांगल्या बिंदूच्या बरोबर खाली, तळापासून ३० सेंमीवर पाटीत खिळा ठोकला. दोरा खिळ्याला अडतो आणि गोळा लहान कमान काढतो, पण चढतो तेवढाच, ९.६ सेंमी. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात सांगितलेला प्रयोग तो हाच. तेव्हा ‘ऊर्जा’ ही कल्पनाच नव्हती; गोळा ज्या उंचीवरून आला त्या उंचीला परत पोचतो, एवढंच त्याने दाखवलं. वाट कुठलीही असो, उंची तीच. मुलांना सूत्राच्या आधी हेच दाखवायला हवं होतं. पुढच्या तुकडीला लंबक पहिल्या दिवशी.

खिळा खाली आणत गेलं की मजा बदलते. तळापासून ६ सेंमीवर खिळा असताना गोळा वर चढतो, दोरा मधेच सैल पडतो आणि गोळा वाकडातिकडा कोसळतो. ४ सेंमीवर तो वेढा पुरा करायच्या बेताला येतो, ३.८ वर बिनचूक पुरा करतो. उंची भागिले त्रिज्या अडीच : वेढ्याच्या माथ्यावर दोरा ताठ राहायला तेवढी उंची लागतेच. खिळा गुळगुळीत आणि पक्का हवा. हलणारा खिळा दर फेरीला ऊर्जा खातो, आणि मुलांना ते दिसत नाही.

२० डिसेंबर

वेढ्याचा उतार, म्हणजे खाली उभं वर्तुळ असलेला. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी, आतून २२ मिमी, उभी मधोमध कापून दोन पन्हाळी केली. कटर पुन्हापुन्हा फिरवला की काठ फाटतात. एकदाच, पट्टी धरून. फोमवर सेलोटेप टिकत नाही, प्लास्टिकच्या टाय वापरल्या.

वेढ्याची त्रिज्या १५ सेंमी. घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याला अडीचपट उंची पुरत नाही, २.७ पट लागते, म्हणजे ४०.५ सेंमी. अंदाज लिहिताना आज पाच गटांनी आपणहून फिरण्याचा वाटा धरला.

प्रत्यक्षात काचेची गोटी ५२ सेंमीवरून सोडल्यावर वेढा पार झाला, पोलादी छर्रा ५८ वरून. वस्तुमान सूत्रात दोन्ही बाजूंनी उडून जातं, मग फरक का? छर्रा गोटीच्या तिप्पट जड, तो फोममध्ये जास्त रुततो. रुतलेला फोम पूर्ण ताकदीने उसळत नाही, दाबताना घेतलेल्या ऊर्जेचा काही भाग त्यातच उष्णता होऊन राहतो. बोटाने दाबून फोम हळू फुगताना पाहिला की हे समजतं.

दुसरी गळती एका मुलीच्या बोटाला जाणवली : छर्रा जाताना वेढा थरथरतो. वेढा मागच्या प्लायला आठ ठिकाणी बांधून टाकला. गोटीची उंची ५२ वरून ४८ सेंमीवर आली. बांधताना आकार तपासावा. फोम आपल्या वजनाने अंड्यासारखा होतो, माथ्याची त्रिज्या बदलते आणि १५ सेंमी धरून केलेलं गणित खोटं पडतं. पुठ्ठ्याचं ३० सेंमीचं वर्तुळ आत धरून मगच टाय आवळाव्यात.

२४ डिसेंबर

आता घर्षणाचं खातं उघडून पाहायचं. तापमान वाढतं हे सगळ्यांना पाठ, पण मोजलेलं कुणी नाही. एक मीटर लांब, आतून २८ मिमी पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना बुचं, आत सायकलच्या बेअरिंगचे ५०० ग्रॅम बारीक छर्रे. पाइप उभा उलटायचा, छर्रे खाली पडेपर्यंत थांबायचं, पुन्हा उलटायचा. शंभर वेळा.

जुन्या पुस्तकांत हा प्रयोग शिशाच्या छर्र्यांचा आहे. शिसं कमी उष्णतेत जास्त तापतं म्हणून आकडा देखणा येतो, पण ते विषारी आहे. शाळेत पोलादच वापरावं.

छर्र्यांनी पाइपात १७ सेंमी जागा घेतली, म्हणून पडण्याचं अंतर एक मीटर नाही, ८३ सेंमी. चार गट हे विसरले. शंभर वेळा पडल्यावर एका किलोमागे ८१३ ज्यूल. पोलादाची विशिष्ट उष्णता एका किलोला एका अंशासाठी सुमारे ४६० ज्यूल. अपेक्षित वाढ १.८ अंश, मिळाली १.२. उरलेली उष्णता पाइपात, बुचांत आणि हवेत गेली.

तापमापी ०.१ अंश दाखवणारा डिजिटल हवा, ताप बघायचा चालत नाही. छर्रे थर्मोकोलच्या कपात ओतून टोक आत खुपसायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. पाइपाला दोन्ही टोकांशी जाड फडकं गुंडाळावं, नाहीतर तळहाताची ऊब मोजली जाते. तसं झालं का, हे तपासायला एका गटाने पाइप तेवढाच वेळ नुसता धरून ठेवला : वाढ ०.१ अंश. ही ताळ्याची फेरी प्रत्येक गटाने करावी.

४ जानेवारी २०२५

लेखी काम. गणित रस्त्यावरचं दिलं : स्कूटर आणि दोन माणसं मिळून २०० किलो, वेग ताशी ३६ किलोमीटर. ऊर्जा १० किलोज्यूल. ब्रेक दाबल्यावर ती सगळी एक किलो पोलादाच्या ड्रममध्ये गेली असं धरलं, तर तो सुमारे २२ अंशांनी तापेल. वेग ७२ केला की ८७ अंश, कारण पुन्हा वर्ग. मुंबईच्या नव्या लोकल गाड्या ब्रेक लावताना मोटरचा जनित्र करून काही वीज तारेत परत देतात, तिचं खातं कुठे लिहायचं, हा प्रश्न तोंडी घेतला. ‘खर्च नव्हे, परतावा,’ असं उत्तर मागच्या बाकावरून आलं.

चाचणीत ‘ऊर्जा नष्ट झाली’ हे वाक्य ६४ पैकी ९ वह्यांत आहे. ‘घर्षण’ एवढंच लिहून थांबलेले ११. त्या वीस जणांना सोमवारी पुन्हा ठिपक्याचा छर्रा आणि दोन पट्ट्या.

सामान आवरताना : छर्रे मोजून घ्यावेत, जमिनीवर एक राहिला तरी कुणी घसरेल. गंजू नयेत म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचा हात, आणि पुढच्या वापराआधी स्पिरिटने कोरडे पुसायचे, कारण तेलकट छर्रा काठांवर घसरतो. केसिंगचे उतार उभे टेकवून ठेवू नयेत, पट्टी वाकते. आडवे ठेवून तोंडाच्या काठांमध्ये १० मिमी जाडीचा लाकडी ठोकळा अडकवून ठेवला आहे, तो काढू नये.